शोभाचा आंबा

टेबलावरच्या आंब्यावरचा रुमाल अजून उचललाही नव्हता. पाठ घेणारी विद्यार्थिनी फळ्यापाशी उभी राहून घसा साफ करत होती. तेवढ्यात पहिल्या बाकावरची शोभा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आंबा. आंबा पिवळा आहे. आंबा गोड आहे."

मागे बसलेले बाहेरचे परीक्षक खूश. त्यांनी शेरा लिहिला, "मुलांचा प्रतिसाद उत्तम." रुमालाखालचं शोभाला कसं दिसलं, हा प्रश्न काही त्यांना पडला नाही. मला उत्तर ठाऊक होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला कर्णबधिर मुलांच्या शाळेला जोडून आमचं कॉलेज होतं. पदवी झालेल्या मुली तिथे वर्षभर शिकून अशा मुलांच्या शिक्षिका व्हायच्या. मी तिथे लेक्चरर. प्रत्येकीला वर्षात चाळीस सराव पाठ घ्यावे लागत. सराव पाठ म्हणजे शाळेतली चार-पाच मुलं मागून आणायची, अर्धा तास शिकवायचं, आणि आम्ही मागे बसून मार्क द्यायचे. कुठल्या पाठाला कुठली मुलं, ही यादी मी करत असे.

शोभाला फार मागणी. तिला थोडं ऐकू यायचं, छातीवर श्रवणयंत्राची डबी लावली की आणखी जरा. बोलणंही स्पष्ट. "मॅडम, परीक्षेला मला शोभा द्या ना, प्लीज," म्हणत मुली माझ्या मागे लागायच्या. मी द्यायचे. ऐन परीक्षेत पोरींची वाट लागू नये, एवढाच माझा विचार. पाठांचे विषयही ठरलेले. आंबा, पोस्टमन, माझी आई. जुन्या बॅचच्या वह्या नव्या बॅचकडे जायच्या आणि तेच पाठ पुन्हा घेतले जायचे.

त्या दुपारी शोभाची आई तिला न्यायला आली. विक्रोळीच्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची. मी कौतुकाने सांगितलं, "आज शोभाने कमाल केली हं!"

ती हसली नाही. "बाई, आंबो येता तिका. तीन वर्सां आंबोच येता. घरचो पत्तो येना नाय. उद्या हरावली तर कोणाक काय सांगतली?"

ती गेल्यावर मी कपाटातल्या पाठांच्या वह्या काढल्या. आंब्याच्या पाठाला शोभाचं नाव सतरा वेळा होतं. पाठांच्या महिन्यांत ती स्वतःच्या वर्गात जेमतेम बसली होती. तिच्या वर्गशिक्षिकेने कधी तक्रार केली नाही, कारण ती आमच्याच कॉलेजात असेच पाठ घेऊन शिक्षिका झालेली. मला लाज वाटली. आजही वाटते.

नेमकी तेव्हाच अभ्यासक्रम बदलण्यासाठी समिती बसली होती, आणि मी तिच्यात होते. चाळीस पाठांचे वीस करा, असं मी सुचवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, लोक म्हणतील कोर्स पातळ केला."

"सर, उरलेल्या वेळात प्रत्येकीने एकाच मुलाला वर्षभर शिकवायचं. सुरुवातीला त्याला काय येत होतं आणि शेवटी काय येतं, त्यावर मार्क द्यायचे."

"आणि परीक्षकाने एका दिवसात ते बघायचं कसं?"

"मुलाच्या आईला विचारून."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

मग मसुदे झाले. ते वर गेले, शेरे घेऊन खाली आले, पुन्हा वर गेले. मी चिकाटी सोडली नाही, आणि त्याचा मला अभिमानही वाटायचा.

दरम्यान मी शोभाला पत्ता शिकवायचं ठरवलं होतं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघी आरसा घेऊन बसायचो. नाव, चाळ, विक्रोळी. विक्रोळीतला 'ळ' तिच्या जिभेला सापडेना. आरशात माझी जीभ बघून ती हसायची आणि पुन्हा प्रयत्न करायची. असे दोन शनिवार झाले. तिसऱ्या शनिवारी समितीची मीटिंग लागली, चौथ्या शनिवारीही लागली. मग ते राहूनच गेलं. सातवी झाल्यावर आमची शाळा संपायची, तशी शोभा गेली.

अखेर नवा अभ्यासक्रम लागू झाला. वीस पाठ, आणि वर्षभरासाठी एक मूल. शाळा सोडलेली मुलं पुढे काय करतात हे जाऊन बघणंही त्यात घातलं होतं. त्यासाठी दोन विद्यार्थिनींना घेऊन मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेले. एका गाळ्यात शोभा टेबलाशी बसून खोकी भरत होती. मला बघताच ती उठून उभी राहिली आणि वर्गात घालायची तशी हाताची घडी घातली.

माझे ओठ तिला नीट दिसतील असं मी विचारलं, "शोभा, घर कुठे आहे?"

तिने जरा विचार केला. मग तशीच खणखणीत म्हणाली, "आंबा पिवळा आहे. आंबा गोड आहे." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"शाब्बास," मी म्हटलं. सवयीने तोंडातून निघूनच गेलं. ती खूश होऊन खाली बसली. माझ्या दोन्ही विद्यार्थिनी खाली बघत होत्या.

पाच वाजता फाटकाशी तिची आई भेटली. रोज सकाळी सोडायला यायची, संध्याकाळी न्यायला. त्यापायी तिने हातातली चार घरची कामं सोडली होती. "एकटीक कशी सोडूची?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

निघताना तिने विचारलं, "बाई, आता नव्या पोरांका पत्तो शिकवतत ना?"

"हो, शिकवतात."

"बरा झाला," ती म्हणाली आणि लेकीचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.

अभ्यासक्रम बदलायला आम्हाला तीन वर्षं लागली. शोभाला पत्ता यायला आणखी दहा-बारा शनिवार लागले असते.