काजळी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे ‘तारकासम्राट’ म्हणायचो. हा गृहस्थ जन्मात कधी पान्याला हात लावणार नाही, पण म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात बेरियम आणि शिसं कसं शिजतं, ते हात नाचवत सांगणार. फोटोवाला आला की पांढरा कोट चढवून यंत्राला टेकून उभा!

खरं काम मावशींचं. बटणाएवढ्या धातूच्या चकतीत त्या निऑन वायू भरायच्या. बावीस वर्षं हेच. त्या चकतीवर आम्ही हेलियमचा झोत सोडायचो आणि सुटणारे न्यूट्रॉन मोजायचो. ताऱ्यांत याच न्यूट्रॉनमुळे जड मूलद्रव्यं घडतात. तासाला चार मिळाले तरी डोक्यावरून पाणी. त्या वर्षी एकदम चाळीस मिळायला लागले. सम्राट हुरळले. परिषदेत भाषण ठरलं, नवा सूट शिवून आला.

मावशींनी चकती काढून खिडकीपाशी धरली. मधोमध काळा डाग होता.

“साहेब, ही पंपाच्या तेलाची काजळी. कार्बनमधूनही न्यूट्रॉन सुटतात. निऑन न भरलेली चकती लावून बघा एकदा.”

“मावशी, तुम्ही चकत्या करा. ताऱ्यांचं आम्ही बघतो.”

सगळे खिदळले. मीही. मोजणी माझ्याकडेच होती, डाग मलाही दिसला होता. पण मी मूग गिळून बसलो.

साहेब परिषदेला गेले तशी मावशींनी निऑन न भरलेली कोरी चकती बसवली. “सुरू कर,” एवढंच म्हणाल्या. तीन दिवसांत तिच्यावरही काजळी चढली आणि आकडा सदतीसवर गेला. मी साहेबांना फोन लावला.

“आत्ता सांगतोस? टाळ्या पडून गेल्या!”

आठ महिन्यांनी दुरुस्तीचा लेख आला. प्रमुखांच्या चाणाक्ष नजरेने चूक पकडली म्हणे. आभारात वीजखात्याचं नाव होतं, मावशींचं नव्हतं. लेखक दोन: पहिले ते, दुसरा मी. माझं नाव काढून टाका म्हणायला जीभ रेटली नाही.

मावशींनी चहा पिता पिता लेख वाचला.

“माझं नाव नाही तेच बरं. तुमच्या पंगतीला बसावं लागलं असतं.”

कप विसळून त्या कामाला लागल्या. तोवर मला ‘अरे बाळा’ म्हणायच्या. त्या दिवसापासून मीही ‘साहेब’ झालो.