शामरावांनी वाचलेलं पुस्तक

शामराव तायडे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. भुसावळहून दुसऱ्या गार्डशी अदलाबदल करून, म्युच्युअल बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर जगतपुऱ्यात छोटा फ्लॅट घेतला. बोली मात्र अकोल्याकडची होती, ती तशीच राहिली. त्यांचा एकुलता मुलगा राजरत्न इंग्रजीत पीएच.डी. करत होता आणि शामरावांना दुसरा विषयच नसे. तायडेंचा मुलगा एका विलायती कादंबरीवर संशोधन करतोय, आणि ती कादंबरी भल्याभल्यांना कळत नाही, हे भाजीवाल्यापासून विहारात भेटणाऱ्या मंडळींपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग एका पावसाळ्यात राजरत्नने पीएच.डी. सोडली.

जेवताना, ताटाकडे बघत त्याने सांगितलं. "गाईड मॅडम म्हणाल्या, यह तुमसे नहीं होगा, कोई आसान टॉपिक ले लो. सगळ्यांच्या समोर म्हणाल्या."

"मंग घ्यायचा सोपा."

"नाही घ्यायचा मला, पप्पा. आणि मतलब... खरंच नाही समजत मला ते आता. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं."

त्यानंतर तो राजा पार्कमधल्या एका क्लासमध्ये दुकानदारांच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवू लागला.

शामरावांना आधी त्या गाईडचा राग आला. तो राग ओसरला, पोरावरचा मात्र ओसरेना. त्यांनी स्वतः उभी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात, उन्हातान्हात एकट्याने काढली होती. नियमांचं इंग्रजी पुस्तक घोकून बढतीची परीक्षा दिली होती. पुस्तक समजत नाही म्हणजे काय? ठाण मांडून बसलं की समजतं. पोराची बसायची तयारी नाही, एवढंच.

थंडी पडली तसे ते दुपारी गच्चीवर उन्हाला बसू लागले. एक दिवस राजरत्न क्लासला गेल्यावर त्यांनी त्याच्या फळीवरून ती कादंबरी काढली, डिक्शनरी घेतली आणि वर गेले.

पहिल्या पानावर सुरू झालेलं वाक्य चार पानं उलटली तरी संपलं नाही. जिना उतरणारा माणूस पुढच्या पानावर बाई झाला, नावही बदललं. अडलेला शब्द डिक्शनरीत सापडे, त्याचा अर्थ ते पेन्सिलने बाजूला लिहीत. पण असे सगळे अर्थ एकापुढे एक ठेवले तरी त्यांचं काहीच होत नसे. एक पान तर चक्क उलटं छापलेलं होतं.

लताबाई चहा घेऊन वर आल्या. "पुस्तक उलटं धरलं तुम्ही."

"ते तसंच हाय."

लताबाईंनी एकदा पुस्तकाकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या खाली गेल्या.

चाळिसेक पानांवर शामराव थांबले. लहानपणी इंग्रजीच्या तासाला मास्तर त्यांना उभं करत. सगळा वर्ग मागे वळून बघे आणि तोंडातून शब्द फुटत नसे. ती भीती इतक्या वर्षांनी, भर उन्हात, पुन्हा अंगावर आली. पोरगा खरं बोलत होता हे त्यांना तेव्हाच कळलं.

तरी ते रोज पुस्तक घेऊन वर जात. वाचत नसत, पण मांडीवर असे. एक दिवस क्लास लवकर सुटला आणि राजरत्न त्यांना शोधत थेट गच्चीवर आला. मांडीवरचं पुस्तक, पेन्सिलीच्या खुणा पाहून तो थबकला. मग शेजारी येऊन बसला. असा तो कित्येक महिन्यांत बसला नव्हता.

"पप्पा, तुम्ही हे वाचताय? समजलं काही?"

त्याच्या आवाजात काय होतं ते शामरावांना पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिलं. त्या क्षणी मात्र त्यांना वाटलं, पोरगा आपली फजिती बघतोय.

"समजलं ना. झालं वाचून. इतकं काई कठीण नाही. मन लावून बसा लागते."

"पूर्ण वाचलं?"

"पूर्ण."

राजरत्नने मान हलवली. पुस्तक उचललं, खाली नेऊन फळीवर ठेवलं आणि हात धुवायला गेला.

पप्पांनी पुस्तक पूर्ण वाचलं, हे राजरत्नने आईला सांगितलं. संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर लताबाईंनी विचारलं, "खोटं काहून बोलले?"

"त्याच्याच भल्यासाठी. जिद्द येईन त्याले."

"ते मॅडम तं परकी होती," लताबाई म्हणाल्या. मग त्या कणीक मळायला उठल्या.

महिन्याभरात राजरत्नने गुरुग्राममध्ये नोकरी धरली. जाण्याआधी कबाडीवाल्याला बोलावलं. "भैया, सब ले जाओ." सगळी पुस्तकं तागडीत गेली, ती कादंबरीसुद्धा. शामराव जिन्यात उभे होते. ती तेवढी राहू दे, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण कशाला, असं पोराने विचारलं असतं तर काय सांगायचं?

चौदा एप्रिललाही तो आला नाही. सकाळी विहारातून परतल्यावर शामरावांनी फोन लावला.

"राजू, ते पुस्तक मी वाचलं नव्हतं रे. चाळीस पानंबी नसतील. काईच समजलं नाही मले. खोटं बोललो मी."

पलीकडे राजरत्न हळूच हसला.

"मम्मीने सांगितलं ना असं बोलायला?"

"नाही रे बापा, खरं सांगून राह्यलो."

"राहू द्या, पप्पा. मतलब, थँक यू. पण असं समजावू नका मला. लहान आहे का मी?" ऑफिसचा फोन येतोय म्हणून त्याने ठेवला.

लताबाई तांदूळ निवडत होत्या. "काय म्हणे?"

"भरवसा नाही बसला त्याचा."

"कसा बसन? तुमच्या तोंडून एक डाव निघालं की त्याच्यासाठी तेच खरं. लहानपणापासून."

आता तो दर रविवारी फोन करतो. आईशी बोलतो, मग तिच्याकडून फोन मागून वडिलांची तब्येत विचारतो. बीपीची गोळी घेतली का, थंडी फार आहे का, काळजी घ्या. आवाज कधी चढत नाही. शामराव घेतली म्हणतात, आहे म्हणतात, बरं म्हणतात, आणि फोन लताबाईंकडे देतात.