समुद्रदेवाच्या जागी नबीला

सौदीतल्या राबिघजवळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर पोसायडन नावाचा पंप टेक्निशियन होता. ग्रीकांचा समुद्रदेव तोच. खलाशांनी मान तुकवली नाही म्हणून त्याने त्यांचं जहाज बुडवलं. तेव्हा देवांचा राजा झ्यूसने त्याची शक्ती काढून घेतली आणि त्याला माणूस करून पाठवलं. आता त्याच्याकडे इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, होता आणि त्याला तहान लागायची. तहान या गोष्टीचं त्याला फार नवल वाटे.

त्याच्या खोलीत दापोलीचा ताजुद्दीन राहायचा. पहिल्याच आठवड्यात पाणी ओढणाऱ्या जाळीवर जेलीफिशचा थर बसला. पोसायडन काठावर उभा राहून समुद्राला हुकूम सोडू लागला.

"पोसायभाय, समुद्र आपल्या मालकाचं, कफीलचंही ऐकत नाही," ताजुद्दीन म्हणाला. "हा दातेरी पंजा घ्या नि जेलीफिश ओढून काढा."

तो शिकला. पाइपवर तळहात ठेवून पाणी कमी होतंय हे मीटरच्या आधी ओळखू लागला. मग जुना तोरा परत आला. माझ्याशिवाय प्लांट बंद पडेल, असं तो मेसमध्ये सांगे.

तेवढ्यात सौदीकरणाचा, म्हणजे परदेशी कामगारांच्या जागी सौदी माणसं घेण्याचा, आदेश आला. त्याच्या जागी नबीला ही तिथलीच इंजिनिअर येणार होती. तिला तयार करायचं आणि निघायचं. त्याने तळहाताची खूण सोडून सगळं शिकवलं.

"एवढं राखून ठेवतो. मला परत बोलावतील."

"सगळेच ठेवतात," ताजुद्दीन म्हणाला. "मग गावाला फोनची वाट बघत बसतात."

एके सकाळी त्याच्या तळहाताखाली पाइप थरथरला. मीटर अजून ठीक होता. पोसायडन गप्प राहिला तर पंप जळणार होता आणि ठपका नबीलावर येणार होता. तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"अम्मो," काकाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "हाताला काय कळतं?"

तो बाजूला सरला. "इथे ठेव हात."

तिने ठेवला. "पाणी कमी येतंय?"

"हो."

तिने पंप बंद करून दुसरा सुरू केला, आणि त्याच्या हातात पंजा दिला. "जाळीवर पुन्हा जेलीफिश बसलेत. तुम्ही त्या बाजूने ओढा. यल्ला, चला."

तो मुकाट्याने ओढू लागला.

दुपारी मॅनेजरने विचारलं, "एकटी सांभाळेल?"

"सांभाळेल," पोसायडन म्हणाला. त्या एका शब्दाने त्याची उरलीसुरली नोकरी गेली, आणि परत बोलावणंही.

तो बॅग भरत असताना ताजुद्दीनने विचारलं, "आता कुठे?"

"समुद्रात."

"पोहता येतं?"

शक्ती परत मिळेल की नाही, हे झ्यूसने सांगितलं नव्हतं. "माणसासारखं नाही येत. शिकवशील?"

"शुक्रवारी," ताजुद्दीन म्हणाला. "आधी कंबरभर पाण्यात."