बाभळीच्या पाण्याची जीभ

माझी जीभ पुण्यात कोणाहून कमी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढे वाचू नये.

श्रीमंत पेशव्यांचं राज्य होतं तेव्हा आम्ही नागझरीच्या काठी कातडी कमवायचो. नवरा गेल्यावर कुंडं मीच चालवली. बाभळीची साल पाण्यात किती मुरली ते डोळ्यांना कळत नाही, चाखावं लागतं. मुरलेलं पाणी तोंड आवळून धरतं, जीभ खरखरीत करतं. त्यात कातडं टाकलं की तुरटपणा हळूहळू उतरतो, कारण तो कातडं पिऊन टाकतं. पाच-पाच कुंडं चाखली की माझ्या तोंडाची वाट लागायची. मग मीठ लावून भाजलेला चरबीचा तुकडा चघळायचा, तोंड सुटायचं.

तोफखान्यात तेव्हा इटली मुलखाचा एक साहेब होता. त्याचा खानसामा पुण्यातल्याच जुन्या मुसलमान घरातला. मेंढ्यांची कातडी तो माझ्याकडे आणून टाकायचा. एकदा आला तो तोंड पाडूनच. साहेबाच्या मुलखातून लाल दारूचं पिंप आलं होतं आणि जेवायला आलेले गोरे पाहुणे ती थुंकत होते. साहेब म्हणे, दारू उत्तम आहे, तुझं जेवण तिला मारतं. आणखी एक पंगत बिघडली की चाकरी गेली.

"वाढलं काय व्हतं, चाचा?"

"माशाचं कालवण. चिंच, मिरची, सगळं झकास."

"आनि दारू कशी लागती?"

"मी कशाला चाखू? हराम आहे मला. साहेब म्हणतो, तोंड आवळते."

मला हसू आलं. म्हटलं, घेऊन या.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या ओंजळीत थोडी ओतली. तोंडात घोळवली आणि थुंकली. किंचित आंबट, वास सुकल्या गुलाबाचा, आणि मागून तुरटपणा, थेट माझ्या तिसऱ्या कुंडाचा. नासलेली मुळीच नव्हती.

"चाचा, चिंच-मिरची बंद. मासा तर नकोच. तुरटपना प्यायला मांस लागतं. मेंढीची चरबीवाली छाती घ्या, नुसतं मीठ लावा, निखाऱ्यावर भाजा."

चाचा कुरकुरला, पण ऐकलं. त्या पंगतीला अर्धं पिंप संपलं.

साहेबाने विचारलं तेव्हा मात्र चाचाने ही अक्कल स्वतःची म्हणून सांगितली. साहेबाच्या कारकुनाने तसं पढवलं होतं. कातडीवालीच्या जिभेवरून पंगत जेवली हे कळलं तर शोभा होईल, असं त्याचं मत. चाचाने मान खाली घालून मला सारं सांगितलं. त्याचा राग आला नाही, पोराबाळांचा माणूस. कारकुनाचा आला. अजून आहे.

पुढे दुसरं पिंप आलं. ही दारू नवी आणि फार तुरट, भाजलेली छातीही तिच्यापुढे हरली. कारकुनाचा निरोप आला, मागच्या दाराने ये, चाखून जा, कुठे बोलू नको. मी उलट निरोप धाडला, पिंप हिकडं आना.

आळीतल्या बायकांनी मला वेड्यात काढलं. काम तोडतील, म्हणाल्या. तोडू देत, म्हटलं.

पाचव्या दिवशी बैलगाडीवरून पिंप आलं. मागे नाकाला उपरणं लावून कारकून. घरी गेल्यावर आंघोळ करावी लागणार म्हणून आधीच वैतागलेला.

"वास फार आहे गं इथे."

"तुमच्या जोड्यालाबी हाच व्हता, महाराज. बसा."

अंतर राखून दगडावर बसला. मी माझ्या मडक्यात दारू घेऊन चाखली. काय करायचं ते मला तिथेच उमगलं.

"आधी कोन सांगतंय ते लिवा. मग काय ते सांगते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि लेखणी काढली.

"आता वाचा. मोठ्यानं."

साऱ्या आळीच्या बायका दारात उभ्या होत्या. त्याने वाचलं, "नागझरीकाठी कातडी कमावणाऱ्या बाईने चाखून सांगितले."

"पुन्यांदा."

पुन्हा वाचलं. तेव्हा सांगितलं, मेंढीच्या नळ्या घ्या, कांदा आणि मीठ घाला, हाडातला मगज सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवा.

त्याच्या वहीत खरोखर काय उतरलं होतं, ते मला कळायला मार्ग नव्हता. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. उतारवयात शिकले, आणि हे माझ्या हाताने लिहिलं आहे.