सून पहिल्या चौकोनात

लॉच्या सीईटीसाठी मी जालन्यात क्लास लावला होता. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बापूंनी एकाच वर्षाची मुभा दिली होती: यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर सोयरीक पाहू.

क्रम लावायची कोडी मला जमत नसत. सर ती फळ्यावर चार रंगांत सोडवायचे. चौकोन, चौकोनांवर बाण, बाणांवर बाण. आकृती एवढी भरगच्च व्हायची की उत्तरासाठी सरांनाच पुस्तकाचं शेवटचं पान उघडावं लागे. आधी मला वाटलं, पान चुकून उलटलं असेल. पण रोज चुकून?

एका सराव परीक्षेत आलं: एका घरातले पाच जण एकामागून एक जेवायला बसले. सासरा, सासू, मुलगा, सून, पाहुणा. अटी वाचायच्या आधीच मी पाहुणा पहिल्या चौकोनात लिहिला आणि सून शेवटच्या. आमच्या हसनाबादला यात कोडं कसलं? पुढं होतं, मुलगा शेवटी बसला. मी समजले, पुरुषांत शेवटी. मग आलं, सासरा सुनेनंतर बसला. मी उभी राहिले.

“सर, उदाहरण चुकलंय. सून सासऱ्याच्या आधी कशी बसंल?”

वर्ग खिदळला. “वकीलसाहेबा,” सर म्हणाले, “हे तुमच्या घरचं जेवण न्हाई.”

उत्तरात सून पहिली होती. सरांनी आकृती काढली. मला खरंच समजून घ्यायचं होतं, म्हणून विचारलं, “मुलगा शेवटी नाही, दुसरा बसला असता तर?”

सरांनी शेवटचं पान पाहिलं. तिथं ते नव्हतं. “असलं परीक्षेत येत न्हाई,” म्हणत त्यांनी फळा पुसला.

ते मी परतीच्या एसटीत सोडवलं. पाहुण्याच्या लगेच मागं सासू, तिच्या लगेच मागं सासरा, अशी अट होती. ते तिघं आधी एकत्र बांधले, बाकीचे आपोआप बसले. बाण एकही लागला नाही.

घरी वहिनीला कोडं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“सून पयली बसली? मंग वाढलं कुनी?”

“ते दिलेलं नाही.”

“मंग कोडं करनारा नुसता जेवनाराच असंल.”

परीक्षेत शेवटची अट वाचेपर्यंत मी एकही चौकोन भरला नाही. आपल्या घरचं काही आत येऊ दिलं नाही. नंबर लागला. सरांनी चौकात फ्लेक्स लावला: मधोमध ते स्वतः, कोपऱ्यात मी, खाली ‘सरांच्या आकृती-पद्धतीची कमाल’. बापू त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढून आले.

त्या दिवशी घरी पुरणपोळी होती. बापूंनी मला पहिल्यांदाच पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं, तेही सगळ्यांत आधी. मी बसले.

वहिनी वाढत होती.