मांडवावरून गेलेली हबल

अंबादास परुळेकर विक्रोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि घाटकोपरच्या आपल्या सोसायटीला हबलचं वेड लावायच्या मागे लागले. पृथ्वीभोवती दीड तासाला एक फेरी मारणारी ही दुर्बीण हवेच्याही वर असते, म्हणून तिला तारे लख्ख दिसतात, हे त्यांनी लिफ्टमध्ये अडकलेल्यांनासुद्धा समजावलं होतं. आकाशाच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे ती दहा दिवस टक लावून बसली आणि तिथे हजारो दीर्घिका निघाल्या, हे तर ते प्रत्येकाला दोन-दोनदा सांगायचे.

बायको सुनंदा तेवढी बधत नव्हती. "दहा दिवस रिकाम्या जागेकडे बघत बसायचं? तुम्हालाच पटणार हे!" तिनं एकदा तरी हबल डोळ्यांनी बघावी, एवढीच अंबादासांची इच्छा. रोज संध्याकाळी नवरा गच्चीवर नुसता टिवल्याबावल्या करत नाही, हे तिला कळलं असतं.

अखेर योग आला. शनिवारी संध्याकाळी सात चौदाला हबल चालत्या ताऱ्यासारखी चमकत बरोबर डोक्यावरून जाणार होती. सेक्रेटरी हर्षदभाईंनी सगळ्यांना गच्चीवर बोलवायला परवानगी तर दिलीच, वर रीतसर कार्यक्रमच ठेवला. साडेसहाला अंबादास वर गेले आणि मटकन खुर्चीत बसले. अख्ख्या गच्चीवर मांडव! झालरीसकट!

"हर्षदभाई, आकाश कुठाय?"

"अरे काका, चीफ गेस्ट येणार. त्यांना काय उघड्यावर बसवायचं? पाच मिनिटं आधी सगळ्यांना टाकीजवळ काढू. टेन्शन नको."

टाकीजवळ मांडवाबाहेर हातभर जागा उरली होती. तिथे सुनंदा बटाटेवड्यांच्या प्लेटी लावत होती.

चीफ गेस्ट सात पाचला उगवले. समई वाऱ्यानं तीनदा विझली. सात बाराला अंबादासांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि पाहुण्यांनी त्यांचा दुसरा हात धरूनच भाषण सुरू केलं. अंबादास आयुष्यात कुणाला 'पुरे' म्हणाले नव्हते. आताही जमेना. घड्याळात सात चौदा झाले, पंधरा झाले, सतरा झाले. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

शाल सावरत ते टाकीकडे धावले. "गेली गं!"

"हो, बघितली ना," सुनंदा म्हणाली. हातातली चटणीची वाटी तिरकी होऊन निम्मी सांडली होती. "तिकडून आली, सरळ, एकटीच. त्या टॉवरच्या वर गेली आणि विझली हो! बिघडली की काय?"

"बिघडली नाही. पृथ्वीच्या सावलीत गेली."

"असं होय!" ती अजून टॉवरकडेच बघत होती. मांडवात वड्यांसाठी आरडाओरडा सुरू झाला होता. "पुन्हा कधी येते?"

"उद्या. सात चारला."

"मग हर्षदभाईंना सांगू नका," सुनंदा म्हणाली. "आपण दोघंच येऊ."