चढावर मोडलेला नवस

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिचा डावा पाय जमिनीवर टेकत नव्हता. ताप आला, आठवड्याभरात उतरला, पण जाताना पायातले बळ घेऊन गेला. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इस्पितळातले डॉक्टर भला माणूस. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. तेल चोळा, रोज पाय हलवून घ्या, वय लहान आहे, थोडेफार बळ परत येईल, किती ते मी सांगू शकत नाही, असे ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य मला फार जड गेले. मी वॅगनींच्या वजनकाट्यावर कारकून. राजहऱ्याच्या खाणीतून आलेले खनिज माझ्यासमोर तोलले जायचे. भरल्या वॅगनीच्या वजनातून रिकामीचे वजन वजा केले की खरा माल कळतो, एवढे माझे ज्ञान. ज्याचा आकडा निघत नाही अशा गोष्टीवर विसंबून कसे राहायचे हे मला येत नव्हते. देवावर माझी श्रद्धा होती, पण ती सणावाराला फुले वाहण्याइतकी. खरी वेळ आली तेव्हा लक्षात आले की देवाशी बोलायचे कसे हेही मला ठाऊक नाही. म्हणून मी व्यवहाराच्या भाषेत बोललो.

आम्ही सेक्टर दोनमध्ये राहत होतो. कारखान्याचे बांधकाम अजून चालूच होते. क्वार्टर बांधून झाले होते, झाडे लागायची होती, आणि नव्या रस्त्यांवर मुरमाची लाल धूळ उडत असे. त्या रस्त्यांवर मी पहाटे धावत असे. ही माझी विद्यार्थिदशेपासूनची सवय. चाळिशी उलटली तरी सुटली नव्हती. लोक हसत. काट्यावरचा माझा जोडीदार भोयर ड्युटीवर जाताना सायकल थांबवून विचारायचा, "भाऊ, कावून धावून राहिले? सायकल चोरीले गेली का?" त्या साली जबलपूरला सव्वीस मैलांची मोठी शर्यत होणार होती आणि कारखान्यातून काही माणसे पाठवायची होती. कबड्डीला, फुटबॉलला हवी तेवढी पोरे होती. सव्वीस मैल धावायला कोणी पुढे येईना, तेव्हा माझे नाव गेले. भोयर म्हणाला, "डाक्टर संगं घेऊन जाजा, भाऊ. आमाले चंदा करा लावू नका."

नाव गेले त्या संध्याकाळी मी घरातल्या बमलेश्वरी आईच्या तसबिरीपुढे बसलो. आमच्याकडे कोणी नारळाचा नवस बोलतो, कोणी पायी डोंगरगडला तिच्या देवळात जाण्याचा. मला वाटले, नारळ तर कोणीही देईल. पाय मागायचे तर पायांनीच फेडले पाहिजे. मी मनात म्हणालो, "आई, ही शर्यत मी पाण्याचा थेंब तोंडात न घेता पुरी करीन. तू माझ्या पोरीला दोन्ही पायांवर उभी कर." बोललो आणि मला हलके वाटले. सौदा पक्का झाल्यावर वाटते तसे. बायकोला काही सांगितले नाही. नवस बोलून दाखवायचा नसतो असे माझी आई म्हणायची, ते निमित्त झाले. खरे कारण वेगळे होते. ती मला थांबवील, ही भीती.

भिलाईत चढ नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी मरोदा तलावाच्या बांधावर चढउतार करायचो, तोही पाणी न पिता. शर्यत मार्चच्या सुरुवातीला, सकाळी सहाला सुटणार होती. ऊन चढायच्या आत मी परत मैदानात असेन, हे मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले होते. बायको मुलीच्या पायाला तेल चोळताना माझ्याकडे न बघता म्हणायची, "हे काय वय हाय का तुमचं? घरी माणूस पायजे तं तुमी बांधावर." मी ऐकून घेत असे. मनात म्हणत असे, हिला काय ठाऊक मी कोणासाठी धावतो आहे. तो अहंकार होता, हे आज लिहितानाही कान तापतात.

गोंदियाहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने आम्ही जबलपूरला पोहोचलो. मैदानात मांडव, पताका, बँड, सगळे होते. फक्त निशाण दाखवणारे पाहुणे नव्हते. सहा वाजले, सात वाजले. बाकीचे धावणारे चहा पीत होते, पुन्हा पुन्हा नळावर जात होते. मी मांडवाच्या सावलीत ओठ मिटून बसलो. पाहुणे आले, हार झाले, भाषण झाले, आणि आम्ही सुटलो तेव्हा आठ वाजत आले होते. माझा सगळा अंदाज तिथेच कोसळला होता. शहाण्या माणसाने तेव्हाच आईची क्षमा मागून पाणी प्यायले असते. मी अधिक जिद्दीने धावू लागलो. बोललेले फिरवायचे नाही, एवढेच डोक्यात.

सुरुवातीपासून एक माणूस माझ्या बरोबरीने धावत होता. पस्तिशीचा, जाड मिशांचा, गुडघ्यावर कापलेली खाकी पँट घातलेला. श्वास पुरवायच्या ऐवजी तो बोलण्यात घालवत होता. "डाकिया हूँ, बाबूजी. बिना थैले के दौड़ना तो मेरे लिए छुट्टी है." रस्त्याकडेच्या घरांतून लोक त्याला हाका मारत होते. एक म्हातारी ओरडली, "मेरा मनीआर्डर लाया?" तो धावता धावता म्हणाला, "आगे वाले ले के भाग गए, अम्मा, उन्हीं को पकड़ने जा रहा हूँ!" पाण्याच्या पहिल्या टेबलावर मी न थांबता पुढे गेलो, दुसऱ्यावरही. तिसऱ्यापाशी त्याने विचारले, "रोज़ा रखा है क्या?" मी तेही टेबल मागे टाकले. त्याची बडबड मला नकोशी झाली होती. आपण एवढे मोठे काम करतो आहोत आणि हा गंमत करतो आहे, असे वाटत होते.

अठरा मैलांचा फेरा संपून शहर मागे पडले की मदनमहालच्या टेकड्या सुरू होतात. एकावर एक रचून ठेवल्यासारखे काळे दगड, आणि त्यांच्यामधून वर जाणारा रस्ता. बांधाचा चढ आणि हा चढ यांत काही मेळ नव्हता. एक वळण संपले की वर दुसरे दिसायचे. दगडांतून भट्टीसारखी धग येत होती. अर्ध्या चढावर माझा घाम थांबला. अंगावर काटा आला, थंडी वाजली. जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी मी आईचे नाव घ्यायचा प्रयत्न करत होतो, आणि नाव आठवेना. मुलीचेही नाव आठवेना. त्यानंतरचे मला काही ठाऊक नाही.

जाग आली ती घशातून खाली उतरणाऱ्या पाण्याने. माझे डोके त्या पोस्टमनच्या मांडीवर होते. कुठून तरी आणलेल्या लोट्यातून तो थोडे थोडे पाणी माझ्या तोंडात सोडत होता, ओल्या गमछ्याने कपाळ पुसत होता. काय झाले ते कळायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात मी आणखी दोन घोट प्यालो, अधाशासारखे, त्याचे मनगट धरून. मग कळले. मी तोंडातले उरलेले पाणी थुंकलो. ते त्याच्या छातीवर उडाले. लोटा हाताने उडवून दिला, त्याची गचांडी धरली आणि ओरडलो, "तूने मेरी बेटी के पैर ले लिए!" रस्त्यावर लोक जमले होते. ज्याने माझा जीव वाचवला त्याला मी त्यांच्यासमोर तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. घरात कधी आवाज न चढवणारा मी माणूस. त्या शिव्या माझ्यात कुठे होत्या, मला माहीत नव्हते.

त्याने माझा हात सोडवलाही नाही. मी थकून रडू लागलो तेव्हा म्हणाला, "पूरी बात बता." मी सांगितली. मुलीचा पाय, नवस, सगळे. तो ऐकत बसला. धावणारे आमच्या बाजूने पुढे जात होते, त्याच्या ओळखीचे दोघे त्याला हाक मारून गेले, तो उठला नाही. मग मिशा पुसून म्हणाला, "तूने कहाँ पिया रे? पिलाया तो मैंने. तू तो बेहोश था. टूटा तो मेरे हाथ से टूटा, पाप मेरा. मेरी भी एक मुन्नी है, पाँच बरस की. दिन भर दौड़ती है, पकड़ में नहीं आती. कुछ लेना ही होगा तो माता उसकी दौड़ में से ले लेंगी, तेरी वाली को दे देंगी. अब उठ."

हे तो इतक्या सहज बोलला की मी उठलो. त्याच्या खांद्यावर हात टाकून चालू लागलो. आता जे लिहितो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या शिव्यांपेक्षाही. मला सुटल्यासारखे वाटले होते. नवस मोडल्याचा भार माझ्या घरावरून उतरून दुसऱ्याच्या घरावर गेला, आणि माझे मन शांत झाले होते. टेकडीचा उरलेला चढ मी त्या शांतीत चढलो. माझी मुलगी दोन्ही पायांवर उभी आहे, असे चित्रही डोळ्यांसमोर आणले. तो पोस्टमन मला सावरत पुढे चालला होता, मुन्नी कशी चिठ्ठ्यांची तिकिटे चाटून पाहते ते सांगत होता.

उतार लागला तशी ती मुन्नी मला दिसू लागली. न पाहिलेली पोर. अंगणात धावते आहे, आणि धावता धावता तिचा एक पाय मागे राहतो आहे. मी डोळे चोळले. मी कोणती देवी मनात धरून बसलो होतो? एका लेकराचा पाय काढून दुसऱ्याला लावणारी? आणि असा सौदा ती करणारच असेल तर तो मी स्वीकारला होता. मनातल्या मनात का होईना, मान हलवली होती. त्या माणसाने जे दिले त्याचा अर्थ त्याला कळला नव्हता असे नाही. त्याला पूर्ण कळला होता. आई असे करणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून तो देऊ शकला. माझ्याकडे ती खात्री नव्हती, म्हणून मी घेऊ शकलो.

खाली एका झाडाखाली पाण्याचे टेबल होते. मी थांबलो आणि पेला मागितला. पोस्टमन बघत राहिला. "अब क्यों? अब तो चार मील बचे हैं, निकाल ले." मी म्हणालो, "अब मैं पी रहा हूँ. अपने हाथ से, होश में. तुम्हारी मुन्नी का इसमें कुछ नहीं." पेला ओठांशी नेला तेव्हा मनात एकच वाक्य होते: आई, माझ्याकडे द्यायला काही नाही, पोर तुझी आहे. ते पाणी पिणे मला त्या चढापेक्षा अवघड गेले. मी पेला पुरा केला आणि दुसरा मागितला. तो पोस्टमन हसला. मग त्याने गमछ्याने तोंड पुसले, डोळेही पुसले, आणि म्हणाला, "बड़ा हिसाबी आदमी है तू."

आम्ही मैदानात शिरलो तेव्हा मांडव उतरवत होते. बँड गेला होता. शेवटच्या रेषेपाशी त्याने मला पाठीत हात घालून पुढे ढकलले आणि स्वतः मागे राहिला. अशा रीतीने शेवटचा नंबर त्याचा आला. कोणी तरी मला खाटेवर निजवले. उठलो तेव्हा तो गेला होता. त्याच्या छातीवर शर्यतीचा आकडा होता. आयुष्यभर आकडेच पाहत आलो, पण तो मी पाहिला नव्हता. नावही विचारले नव्हते. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

घरी आल्यावर मी बायकोला सगळे सांगितले. काही वगळले नाही. ती मुलीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती, तिचा हात थांबला. "पोरीच्या पायाचा नवस बोल्ले, अन् मले इचारलंबी नाही? त्या डोंगरात मेले असते, तं हिले कोनं उचललं असतं?" ती बराच वेळ बोलली, आणि तिचा प्रत्येक शब्द बरोबर होता. मग हात धुऊन उठली. दिवा लावता लावता म्हणाली, "त्याच्या पोरीचं नाव काय म्हन्ले?" मी सांगितले. ती तसबिरीपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आई, मुन्नीले सुखी ठेव." आणि मागे वळून मला म्हणाली, "आता तुमी म्हना." मी म्हणालो.

मुलगी पुढच्या वर्षी भिंत धरून उभी राहिली. आता ती मॅट्रिकला आहे, थोडी लंगडते, सेक्टरच्या शाळेत पायी जाते. त्यात तेलाचे किती, डॉक्टरांचे किती, आणि आईचे किती, हे शोधायला मी गेलो नाही. जे मिळाले ते आम्ही मिळवलेले नाही, एवढे मला कळते. आईने मला त्या दिवशी काही दिले असेल तर तो माणूस दिला, ज्याच्यावर मी थुंकलो आणि ज्याने मला उचलले. त्याच्या घरचे दार मला सापडणार नाही. ती मुन्नी आता मोठी झाली असेल. रोज दिवा लागतो तेव्हा आमच्या घरात पहिले नाव तिचे घेतले जाते, मग आमच्या मुलीचे. त्यानंतर मी नुसता हात जोडून उभा राहतो.